पाणी कुठं गेलं गं आई? उन्हाळी सुट्टी, छोटी मुलं आणि अंगणातलं विज्ञान : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीत घराबाहेर काय काय करता येईल याबद्दल प्रश्न मागवले होते. भरपूर आले, पत्रं आली, व्हॉट्सॲपवर आले, दोघीतिघींनी तर व्हॉइस मेसेज पाठवले. सगळे घेता येणार नाहीत पण ज्यांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात असे निवडलेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे. आमच्या भागात सायन्स समर कॅम्प सुरू होतोय, एसी हॉलमध्ये रोज दोन तास, फी बरीच आहे. ज्वालामुखी वगैरे करून दाखवणार आहेत. पाठवू का? आमच्याकडे सोसायटीचं पार्किंग आणि गच्ची सोडून दुसरी जागा नाही. (एक आई, नाशिक)

गच्ची आहे ना, मग झालं की. कॅम्पला पाठवायचं असेल तर मैत्रिणी मिळतात म्हणून पाठवा, त्यात वाईट काही नाही, पण ज्वालामुखीसाठी पैसे भरू नका. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणतात तो खेळ मोठी माणसं करतात आणि मुलं टाळ्या वाजवतात, चार वर्षांच्या मुलीला त्यात स्वतः काही बदलून बघता येत नाही आणि तो फेस का आला हे कळायचं तिचं वयही नाही. तिला असं काहीतरी हवं जे ती स्वतः करेल, पुन्हा करेल, आणि दुसऱ्यांदा थोडं वेगळं करून बघेल.

संध्याकाळी पाचनंतर एक छोटी बादली पाणी आणि घरातला जुना रंगाचा ब्रश तिच्या हातात द्या आणि गच्चीची भिंत रंगवायला सांगा. नाशिकची मे महिन्यातली कोरडी हवा आणि दिवसभर तापलेली भिंत, म्हणजे तिचं चित्र पूर्ण व्हायच्या आत सुरुवातीचा भाग नाहीसा व्हायला लागेल. आता इथे गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड काम आहे. "बघ, याला बाष्पीभवन म्हणतात" असं सांगून टाकलं की तिच्यासाठी विषय संपला. त्याऐवजी विचारा, पाणी कुठं गेलं गं?

ती बहुतेक म्हणेल, भिंतीने पिऊन टाकलं. हे फार चांगलं उत्तर आहे, आणि थोडं खरंही आहे कारण भिंत खरोखर थोडं पाणी शोषते. "नाही, चूक" म्हणू नका. म्हणा, बरं, मग जे पिऊ शकत नाही अशा कशावर तरी टाकून बघूया का? स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी घालून उन्हात ठेवा आणि तेवढंच दुसऱ्या ताटलीत घालून सावलीत. (उन्हातली ताटली चटके देईल इतकी तापते, तेव्हा उचलायची तुम्हीच.) ताटली काही पाणी पीत नाही, तरी पाणी गेलं. आता तिला दुसरं उत्तर शोधावं लागेल, आणि ती शोधते, अगदी कपाळाला आठ्या घालून शोधते.

मग यातूनच पुढचं निघत जातं. दोन सारखे रुमाल पिळून एक दोरीवर पसरायचा, एक बोळा करून ठेवायचा, आधी कुठला वाळेल ते तिला आधी सांगायला लावायचं आणि नंतर हात लावून बघायला. शहाबादी फरशीवर पाणी सांडून त्याच्या कडेने खडूने रेघ मारायची, थोड्या वेळाने आत अजून एक रेघ, मग अजून एक, डबकं आकसत जातं आणि रेघा राहतात. कुंडीतल्या झाडाच्या एका पानेवाल्या फांदीला सकाळी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली तर काही वेळाने आतून पाण्याचे थेंब दिसतात, पिशवीत आपण पाणी घातलेलं नसताना. बघून झालं की पिशवी काढा, नाहीतर पानं करपतात.

घरात माठ असेल तर त्याला बाहेरून हात लावायला सांगा. ओलसर लागतो ना? माठातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन हवेत उडून जातं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. ऑइलपेंट दिलेल्या माठात पाणी नीट गार होत नाही ते यामुळेच. हे तिला समजावून सांगू नका, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. तिने आधी ओल्या रुमालाचा आणि माठाचा गारवा हाताने अनुभवायचा, कारण पुढे शाळेत हे येईल तेव्हा तो अनुभव तिच्याकडे असला पाहिजे.

प्रश्न : मॅडम, मी अंगणवाडी सेविका आहे. पेपरात आणि मोबाईलवर बाहेरच्या ॲक्टिव्हिटी येतात पण आमच्याकडे एप्रिलमध्येच पारा ४२-४३ ला जातो. लेकरांना बाहेर न्यायचं कसं? सामान पण काही नाही. (यवतमाळ जिल्हा)

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि आधी तब्येतीचंच बोलते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये लहान लेकरांना सकाळी साडेआठनंतर उघड्यावर ठेवू नका, संध्याकाळीही ऊन पूर्ण उतरल्यावरच. मधल्या वेळात बाहेर काहीही नाही, कितीही छान प्रयोग असला तरी नाही. एवढ्या वयाची मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात आणि खेळात रंगली की तहान लागलीय हे सांगत नाहीत, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी आपणच पाणी पाजायचं. सुती कपडे, डोक्याला टोपी किंवा रुमाल, पायात चप्पल. एखादं मूल एकदम गप्प झालं, अंग तापलंय, उलटी होतेय, तर सावलीत नेऊन कपडे सैल करून ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, आणि मूल शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्या. मूल गुंगीत असेल, झटके येत असतील तर तोंडात काहीही न घालता लगेच १०८ ला फोन करून दवाखान्यात.

आता सामानाचं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी आसपास मिळणाऱ्या बिया, पानं, शंख-शिंपले, माती असलंच सगळं त्यांनी शिकवायला वापरलं, पोरं गुरं घेऊन रानात जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. अंगणवाडी ही कल्पनाच तिथून आलीय. म्हणजे तुमच्याकडे सामान नाही असं नका म्हणू ताई, तुमच्या दाराशी कडुनिंब असेल तर पुष्कळ सामान आहे.

सकाळी आठ वाजता कडुनिंबाखाली जा. सावलीत उन्हाचे गोल-लंबगोल कवडसे पडलेले असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, कुठे लांबट कुठे तिरक्या, तरी जमिनीवरचे कवडसे गोल किंवा लंबगोलच, कारण तो प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं एक एक चित्र असतं. लेकरांना एवढं सांगायचं नाही. त्यांना कवडसा हातावर घेऊ द्या, कागदावर पकडू द्या, वारा आला की तो कसा पळतो ते बघू द्या. स्वयंपाकाचा झारा घेऊन जा, त्याची सावली मातीवर धरा आणि झारा हळूहळू वर न्या. जमिनीजवळ भोकं स्पष्ट दिसतात, वर नेली की पुसट आणि मोठी होतात. एकेकाच्या हातात द्या म्हणजे कळेल कोणाला किती वेळ तेच करावंसं वाटतं, घाई करू नका.

आणि एक सोपं, आल्या आल्या एका लेकराला उभं करून त्याच्या सावलीभोवती काडीने मातीत रेघ ओढा, पायांच्या जागी दोन दगड. साडेआठला आत जायच्या आधी त्याला त्याच दगडांवर उभं करा. सावली छोटी झालेली असते आणि सरकलेलीही असते. बहुतेक मुलं आधी म्हणतात की मीच हललो! मग दुसऱ्या दिवशी काठी रोवून बघायची, काठी तर हलत नाही ना.

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. कुणीतरी त्याला सांगितलं की मे महिन्यात एक दिवस सावली गायब होते. रोज विचारतोय. हे खरं आहे का आणि त्याला कसं दाखवू? (एक बाबा, पुणे)

खरं आहे, आणि दाखवाच. सूर्य वर्षातून दोन दिवस आपल्या बरोबर डोक्यावर येतो, अगदी काटकोनात, तेव्हा उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच पडते आणि दिसत नाही. हे फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या भागात होतं आणि आपला अख्खा महाराष्ट्र त्यात येतो. कोल्हापूरला साधारण ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नाशिकला २० मेच्या आसपास, नागपूरला २६ मेच्या आसपास. दुसरा दिवस जुलैमध्ये किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो पण तेव्हा ढग असतात, म्हणून मे सोडू नका.

वेळ मात्र बारा नाही हं, इथेच बरेच जण फसतात. पुण्यात ती साडेबाराच्या आसपास येते कारण आपलं घड्याळ प्रयागराजच्या (पूर्वीचं अलाहाबाद) बाजूने जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत, नागपूर त्या मानाने पूर्वेला म्हणून तिथे बारा-दहाच्या सुमाराला. बाराला एकदा, सव्वाबाराला एकदा असं घराच्या दारातून डोकावून बघायचं आणि साडेबाराच्या आधी पाच मिनिटं बाहेर जायचं. भर दुपार आहे तेव्हा टोपी घालून दहा मिनिटांत आत या.

सपाट फरशीवर स्टीलचा सरळ भिंतींचा पेला किंवा बंद पाण्याची बाटली उभी ठेवा. सावली आधी एका बाजूला बारीक पट्टीसारखी असते, ती अजून बारीक होते आणि मग काहीच नाही. मुलाला पेला उचलायला सांगा, उचलल्याबरोबर खाली गोल सावली दिसते! सावली गेली नव्हती, खाली लपली होती, हे त्याने स्वतः शोधलेलं असणं ही त्या दिवसाची खरी कमाई. वर सूर्याकडे बघायचं नाही हे आधी दोनदा सांगा, आणि भिंग घेऊन अजिबात जाऊ नका, उन्हात लहान मुलाच्या हातात भिंग म्हणजे भाजायचा आणि डोळ्यांचा धोका.

पृथ्वीचा कललेला आस वगैरे साडेपाच वर्षांच्या मुलाला सांगू नका प्लीज. विचारलंच तर "आज सूर्य बरोबर डोक्यावर आहे" एवढं पुरतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी पाच वर्षांची, तिचा चुलतभाऊ पुण्यात. इथे सुट्टी जूनच्या शेवटी लागते. दोघांना मिळून करता येईल असं काही?

वरचाच प्रयोग करा ना, मजा येईल. तुमच्याकडे सावली कधीच पूर्ण जात नाही. मेच्या मध्यात पुण्यातल्या भावाची सावली गायब होते त्याच तारखेला तुमच्याकडे भर दुपारी, म्हणजे तिथल्या घड्याळात एकच्या जरा आधी, एक मीटर उंचीच्या काठीची सावली साधारण ४० सेंटीमीटर असेल, आणि जूनच्या शेवटी सुट्टी लागेल तेव्हा ३० च्या आसपास. तारीख तीच, काठी तेवढीच, सावली वेगळी. दोघांनी आपापल्या सावलीएवढी दोरी कापून ठेवायची आणि व्हिडिओ कॉलवर एकमेकांना दाखवायची, पुण्याचा भाऊ रिकामा हात दाखवेल. मोजपट्टीपेक्षा दोरी बरी, या वयाला सेंटीमीटर कळत नाहीत पण लांब-आखूड लगेच कळतं. आणि सुट्टीत तुमच्याकडे संध्याकाळी काजवे असतात तेही तिला दाखवा, त्याच्याकडचे काजवे मेच्या शेवटी सह्याद्रीत असतात.

प्रश्न : नातवंडं मुंबईहून दरवर्षी महिनाभर येतात, एक तीन वर्षांचा, एक पाच वर्षांची. मोबाईल सोडत नाहीत. आमची आंब्याची थोडी कलमं आहेत, रायवळही आहेत. त्यांना काय दाखवावं? (एक आजोबा, रत्नागिरी जिल्हा)

आजोबा, तुम्हाला नमस्कार. तुमच्याकडे इतकं आहे की मला कुठून सुरू करावं असं झालंय.

आंबे काढल्यावर पाण्यात टाकून बघतात ते तुम्हाला मी काय सांगणार, बुडला तो जून, तरंगला तो अजून कोवळा. नातवंडांसाठी हाच सगळ्यात भारी प्रयोग आहे. मोठं घमेलं किंवा टब भरा, आणि प्रत्येक गोष्ट टाकायच्या आधी त्यांना विचारा, बुडेल का तरंगेल? हापूस, कोवळी कैरी, नारळ, लिंबू, खडा, द्राक्ष, आणि शेवटी आख्खं कलिंगड. कलिंगड तरंगतं आणि एवढंसं द्राक्ष बुडतं, त्या क्षणी पोरांचे चेहरे बघा. जड ते बुडतं हा त्यांचा पक्का समज असतो आणि तो त्यांच्या हातानेच मोडतो. मग लिंबू सोलून टाकायला सांगा, सालीसकट तरंगणारं लिंबू सोललं की बहुतेक वेळा बुडतं, सालीत हवा असते म्हणून. आंब्याच्या देठाजवळचा चीक मात्र तुम्ही आधी धुऊन टाका, नाहीतर पोरांची तोंडं उततात. आणि पाण्याजवळ एक मोठं माणूस पूर्ण वेळ हवंच, टबात वीतभर पाणी असलं तरी तीन वर्षांच्या मुलाला एकटं सोडायचं नाही, विहिरीवर तर आधी झाकण.

पडवीच्या कडेला, जिथे पावसाचं पाणी येत नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत छोटे छोटे उलट्या शंकूसारखे खड्डे असतात बघा. आत एक किडा दबा धरून बसलेला असतो. मुंगी कडेवर आली की माती घसरते, मुंगी वर चढायचा प्रयत्न करते आणि खालून तो किडा मातीचे कण वर उडवतो म्हणजे ती अजून घसरते. पाच वर्षांच्या नातीला पोटावर झोपून हे बघू द्या. गवताची काडी अलगद कडेला हलवली तर किडा फसून माती उडवायला लागतो. एखादा बाहेर काढून सपाट मातीवर ठेवला तर तो उलटा, मागे मागे चालत पुन्हा आत शिरतो. हाच पुढे पंख फुटून चतुरासारखा दिसणारा कीटक होतो. बघून झालं की त्याला त्याच्या जागी सोडायचं, हेही शिकणंच आहे.

कोयींचं तर विसरूच नका. रायवळ आंबा चोखून झाला की कोय धुऊन नावाची काठी लावून ज्याची त्याने पुरायची, रोज पाणी घालायचं. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो, कधीकधी एका कोयीतून दोन-तीन कोंब येतात. एक कोय मुद्दाम न पुरता कोरड्या जागी ठेवा, म्हणजे दोन्ही शेजारी बघता येतील. कोय फार वाळली तर रुजत नाही तेव्हा पुढच्या वर्षीसाठी ठेवू म्हणून चालत नाही.

एक काळजीचं. दगड, लाकडं, चिऱ्यांचे ढीग हाताने उलटायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि त्याने अनेकांचे प्राण वाचले, पण त्यासाठी वेळेवर दवाखाना गाठावा लागतो, तेव्हा डंख झाला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

मोबाईलचं मी वेगळं काही सांगत नाही. घमेलं भरून ठेवा.

प्रश्न : मला किड्यांची किळस येते, खरंच. मुलीसमोर मी दाखवत नाही पण तिला कळतंच. ती मुंग्या बघत बसते आणि मी ओढून आणते. काय करू? (ठाणे)

ओढून आणू नका, शेजारी बसा, जरा लांब बसलात तरी चालेल. हात लावायची गरज नाही. अंगणात किंवा खालच्या बागेतल्या कट्ट्यावर, स्वयंपाकघरापासून लांब, जिथे मुंग्यांची रांग आहे तिथे वीतभर अंतरावर चार ठिपके ठेवा, गूळ, मीठ, रवा आणि लिंबाची साल. कुठे जातील ते तिला आधी सांगायला लावा. मग बघत राहा. आधी एखादीच मुंगी भटकत भटकत गुळापाशी येते, तिथे थांबते, मिशा हलवते, आणि परत जाताना पोट जमिनीला टेकवत जाते. ती वासाची खूण ठेवत असते. थोड्या वेळाने दुसऱ्या येतात, त्यांनी खूण पक्की केली की रांग लागते. रांग चांगली लागली की मुलीला ओल्या फडक्याने रांगेत आडवी एक पट्टी पुसायला सांगा, मुंग्यांना न चिरडता, दोन मुंग्यांमध्ये जागा बघून. पुसलेल्या जागेपाशी येऊन मुंग्या थबकतात, मागे वळतात, इकडेतिकडे फिरतात, दोन्ही बाजूंना गर्दी होते, आणि मग एखादी पलीकडे जाते आणि हळूहळू रांग पुन्हा जुळते.

किती वेळ लागला, कुणी आधी ओलांडलं, पुन्हा पुसलं तर काय होईल, हे ती विचारेल. लाल चावणाऱ्या मुंग्या असतील तर तो कट्टा सोडून दुसरा शोधा. तुमची किळस एका दिवसात जाणार नाही आणि जायलाच हवी असंही नाही, मुलीला एवढंच कळू दे की आईला आवडत नसलं तरी बघण्यासारखं आहे.

प्रश्न : आम्ही हे सगळं करतो पण तो पुन्हा पुन्हा "का?" विचारतो आणि मला उत्तर येत नाही. गूगल करून सांगू का? (सोलापूर)

लगेच नको. आधी "तुला काय वाटतं?" विचारा आणि तो जे म्हणेल ते तपासता येईल का बघा, जसं वर भिंत आणि ताटलीचं केलं. तपासता येत नसेल, आकाश निळं का असलं काही असेल, तर "मला माहीत नाही, आपण शोधू" म्हणा आणि मग खुशाल गूगल करा, त्याच्यासमोर करा. तुम्हाला स्वतःला वाचायचं असेल तर अरविंद गुप्तांचं काम बघा, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी बरीच वर्षं मुलांचं विज्ञान केंद्र चालवलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची ते फुकट उपलब्ध आहे, मराठीतही आहे. काही खेळणी मोठ्या मुलांसाठी आहेत, लहानांसाठी निवडून घ्या.

प्रश्न : शाळेने ज्युनिअर केजीच्या मुलांना सुट्टीचा सायन्स प्रोजेक्ट दिलाय, चार्टपेपरवर. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, म्हणजे तो मीच करणार. कुठला सोपा पडेल? (छत्रपती संभाजीनगर)

तुम्ही करू नका, त्यालाच करू दे. चार्टपेपर दारात जमिनीवर पसरा, कोपऱ्यांवर चार दगड ठेवा, मधोमध त्याचं आवडतं खेळणं उभं करा. सकाळी सात, साडेसात, आठ, साडेआठ, प्रत्येक वेळी त्याने खेळण्याच्या सावलीभोवती वेगळ्या रंगाने रेघ मारायची. रेघा वाकड्या येतील, खेळणं मध्ये पडेल, परत उभं करताना जागा हलेल. आलंय तसंच शाळेत द्या. खाली तुम्ही फक्त तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, "आधी सावली लांब होती मग बारकी झाली" एवढंच असलं तरी तेवढंच. बाईंनी नीटनेटका हवा म्हणून परत पाठवला तर त्यांना हे पान दाखवा, आणि तरीही नाही म्हणाल्या तर मला कळवा, पुढच्या अंकात शिक्षकांसाठीच लिहीन.